दर्पण, केसरी आणि मूकनायक

सामान्य रयतेपर्यंत वार्ता पोहोचे ती बहुधा चावडीवरील बोलण्यातून, कीर्तनातून नाहीतर सरकारी दवंडीतून, अशा काळी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले आणि मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापून प्रजा व राज्यकर्ते यांना एकाच पृष्ठावर समोरासमोर आणले.

पुढे १८८१ साली पुण्यात निघालेल्या ‘केसरी’ने, प्रथम आगरकरांच्या संपादनाखाली आणि नंतर टिळकांच्या लेखणीतून, जे एकमेकांना जन्मात भेटणार नव्हते अशा दूरदूरच्या वाचकांना एकाच प्रश्नावर एकाच वेळी विचार करावयास लावले, १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सवाला जे राष्ट्रीय स्वरूप प्राप्त झाले त्यामागेही या पत्राच्या प्रचाराचे बळ होते, आणि १८९७ व १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली टिळकांना झालेल्या शिक्षा म्हणजे त्या सामर्थ्याची सरकारदप्तरी झालेली नोंदच होय.

परंतु राष्ट्र म्हणजे नेमके कोण, या प्रश्नाचे उत्तर एकट्या ‘केसरी’ने दिले नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ सालीच ‘दीनबंधु’ काढून शेतकरी-कष्टकऱ्यांची गाऱ्हाणी चव्हाट्यावर मांडली होती, आणि १९२० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू करून, ज्यांच्या तोंडाला शतकानुशतके कुलूप होते त्यांच्या वतीने, समतेवाचून स्वराज्य अपुरे आहे, असे बजावले.

वृत्तपत्र हा समाजाचा आरसा खरा. पण ज्या आरशात सारे चेहरे उमटत नाहीत, तो राष्ट्राचा दर्पण म्हणवून घेण्यास पात्र नव्हे.