आमच्या नुकसानीचा पंचनामा कोण करणार?

(पेण आणि रोहा तालुक्यांतल्या वाड्यांच्या एकत्र बैठकीतलं भाषण, मे २०२४)



मृग तोंडावर आलाय. भट्टीवर गेलेली, कोळसा पाडायला घाटावर गेलेली माणसं आता वाडीवर परत यायला लागलीत. एकदा पाऊस लागला की बैठक घ्यायला कुणाला सवड नसते, म्हणून आजच बोलायचं ठरवलं. विषय एवढाच: वादळ, अवेळी पाऊस, पाणीटंचाई आली की आपलं किती नुकसान होतं, आणि त्यातलं सरकारच्या कागदावर किती चढतं?

आधी पाण्याचं बघू. दुष्काळी भाग म्हटलं की सगळ्यांना मराठवाडा आठवतो, माण-खटाव आठवतो. तिथला दुष्काळ खराच आहे. गेल्या ऑक्टोबरात सरकारने १५ जिल्ह्यांतले ४० तालुके दुष्काळी जाहीर केले. त्यात रायगडचं नाव नव्हतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मग आपल्याला दुष्काळी कोण म्हणेल? पण तो पाऊस चार महिन्यांत डोंगर उतरून खाडीला जातो. होळी झाली की झरे आटतात, विहिरीचा तळ दिसतो.

पेणला हेटवणे धरण आहे, त्याचं पाणी सिडकोच्या नवी मुंबईला जातं. रोह्याला कुंडलिकेवर डोलवहाळचा बंधारा आहे. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी तिथे अडतं आणि धाटावच्या कारखान्यांना मिळतं. आणि आपल्या बाया हंडा घेऊन डोंगर चढतात.

याचा हिशोब कुणी केलाय का? आम्ही करून बघितला. एका बाईचे रोजचे तीन तास पाण्यात गेले, असे मार्च ते मे ९० दिवस, तर २७० तास झाले. आठ तासांचा एक रोज धरला तर जवळजवळ ३४ रोज. रोजगार हमीचा दर यंदाच्या एप्रिलपासून २९७ रुपये आहे. म्हणजे एका बाईचे दहा हजारांच्या वर रुपये दर उन्हाळ्यात हंड्यात जातात. हे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात नाही.

आता वादळ. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आलं. तेव्हा टाळेबंदी होती, भट्टीवरून माणसं हात हलवत आली होती. वादळात पत्रे उडाले, कौलं फुटली, कुडाच्या भिंती बसल्या, साठवलेलं धान्य आणि सुकी मासळी भिजली. पुढच्या वर्षी १७ मेला तौक्ते आलं. झाडावरचा आंबा, काजू, जांभळं गळून गेली. बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बायांची वर्षाची रोकड तीच असते. पण जंगलातलं झाड कुणाच्या नावावर नाही, म्हणून भरपाईसुद्धा कुणाला नाही.

पंचनाम्याला माणूस आला की काय विचारतो, तुम्हाला माहीत आहे. सातबारा दाखवा. घरपट्टीची पावती दाखवा. बँकेचं पासबुक दाखवा. आपल्यातल्या किती वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर आहेत? किती घरांना नंबर आहे? दळीची जमीन आपल्या आज्या-पणज्यांपासून आपण कसतो, नाचणी-वरी पिकवतो, पण सातबाऱ्यावर वनखातं आहे. पीक आपलं वाहून जातं, जमीन मात्र वनखात्याची. वनखात्याची नाचणी बुडाली असं कोण लिहून देणार?

केंद्र सरकारचे मदतीचे निकष आम्ही मिळवून वाचले. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये. ते पण ३३ टक्क्यांहून कमी नुकसान असेल तर काही नाही. म्हणजे गुंठ्याला ८५ रुपये. वीस गुंठे नाचणी गेली तर १,७०० रुपये. झोपडी पडली तर ८,००० रुपये. बकरीला ४,००० आणि कोंबडीला १०० रुपये. बाजारात जाऊन १०० रुपयांत गावठी कोंबडीची तंगडी तरी मिळते का बघा! राज्य सरकार कधीकधी यावर वाढवून देतं. पण मूळ अट तीच राहते: पडलेलं घर अधिकृत असलं पाहिजे. ज्याची जागाच नावावर नाही त्याचं घर अधिकृत कसं होणार?

त्याच निकषांत एक तरतूद आपल्या कामाची आहे. आपत्तीत ज्यांची उपजीविका गेली अशा कुटुंबातल्या दोन मोठ्या माणसांना रोजगार हमीच्या दराने मदत देता येते. आमच्या वाड्यांत विचारलं, ही मदत कुणाला मिळालेली नाही. कुणी मागितलीही नाही, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं.

भट्टीचं दुखणं तर वेगळंच. २०२१ च्या डिसेंबरात पहिल्या दोन दिवसांत अवेळी पाऊस पडला. असा पाऊस आला की पाडून ठेवलेल्या कच्च्या विटांचा चिखल होतो. विटा पाडल्या आपण, रात्री उठून प्लास्टिक टाकलं आपण. पण मजुरी हजारावर मोजतात, आणि भिजलेली वीट मोजत नाहीत. खर्ची मात्र चालू असते, ती अंगावर चढते. हंगाम संपला की आपणच मालकाचं देणं लागतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच जावं लागतं. पाऊस मालकाच्या भट्टीवर पडतो, त्याचं कर्ज आपल्या अंगावर येतं.

साथींनो, १९७२ च्या दुष्काळाचं म्हातारी माणसं सांगतात. त्या वेळी लोकांनी मोर्चे काढले, काम मागितलं. त्यातूनच रोजगार हमी आली, १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्याच धर्तीवर पुढे २००५ मध्ये सगळ्या देशासाठी कायदा आला. यातली मोठी गोष्ट ही की काम मागणाऱ्याला सातबारा विचारत नाहीत. भूमिहीनाचं नुकसान म्हणजे बुडालेला रोज, हे त्या कायद्याने मानलं. आपल्याला तोच धागा धरायचाय.

आणि जिवाचं काय? १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात इर्शाळवाडीवर डोंगर आला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. त्यानंतर जागा ठरली, घरं ठरली. आम्ही विचारतो, जागा मिळायला आधी मरावं लागतं का?

तर पावसाआधी करायची कामं अशी.

एक, प्रत्येक वाडीने नोंदवही घालायची. घर कसं आहे, कोंबड्या-बकऱ्या किती, जाळी, धान्य, दळीवर काय पेरलं, सगळं लिहायचं आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवायचे. नुकसान झाल्यावर आधी काय होतं हे दाखवता आलं पाहिजे.

दोन, वनहक्काचे दावे अपुरे आहेत ते पुरे करायचे. दळीचे जुने कागद, वनखात्याच्या दंडाच्या पावत्या शोधा. त्या दंडाच्या पावत्याच आज आपला पुरावा आहेत! कागद नसेल तर वडीलधाऱ्या माणसांचा लेखी जबाबही नियमात धरलाय. पट्टा मिळालेल्यांनी सातबाऱ्यावर नोंद लागली का ते बघायचं.

तीन, कामाची मागणी नमुना ४ वर करायची आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. १५ दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्ता मागायचा. ज्यांच्याकडे वनहक्काच्या जमिनीशिवाय दुसरी जमीन नाही त्या आदिवासी कुटुंबांना १५० दिवसांचं काम मिळतं, हे पण त्यांना सांगायचं.

चार, भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक जोडीकडे स्वतःची वही. विटा किती पाडल्या, किती भिजल्या, खर्ची किती घेतली. ज्याला लिहिता येत नाही त्याने वाडीतल्या शाळकरी पोराला बरोबर बसवायचं.

लिहिलेलं नुकसान सरकारला नाकारता येतं, पण ते नाकारल्याचं उत्तर द्यावं लागतं. न लिहिलेल्याला उत्तरसुद्धा लागत नाही. म्हणून येत्या रविवारपासून वह्या घालायला सुरुवात करू. वाडीतली दहावी-बारावी झालेली पोरंपोरी संध्याकाळी घराघरांत येतील, त्यांना बसायला चटई द्या आणि खरं ते सांगा.

जिंदाबाद!