डोंगराच्या पोटातले पाणी
(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



मुख्याध्यापिका झाले तरी नववीचा भूगोलाचा तास मी सोडलेला नाही. गेल्या वर्षी त्या तासाला एका मुलीने विचारले, "बाई, जमिनीखालचे पाणी तर दिसत नाही. मग खाण खणण्याआधी तिथे पाणी आहे की नाही, हे कोण ठरवते?" मी पुस्तकी उत्तर दिले. ते पुरेसे नव्हते, हे घंटा होण्याआधीच मला कळले होते. आज ते पुरे करण्याचा प्रयत्न करते.

आपल्या येलहंकाखाली कठीण नाइस खडक आहे. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. म्हणूनच एकाच्या बोअरला पाणी लागते आणि शेजारच्या प्लॉटवर नुसती धूळ उडते. आपल्यापैकी अनेकांनी हा अनुभव पैसे मोजून घेतलेला आहे. गोव्यातील सांगे, केपे, डिचोली, सत्तरी या भागांतील लोहखनिजाच्या डोंगरांची रचना निराळी. वर जांभ्याचे कवच, त्याखाली खनिजाचे कठीण थर आणि त्याखाली खोलवर गेलेले पिठासारखे भुसभुशीत खनिज. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. जांभ्याच्या छिद्रांतून तो मुरतो आणि त्या भुसभुशीत थरात साठून राहतो. म्हणजे कंपनीचा खनिजसाठा आणि गावाचा जलसाठा, दोन्ही एकच! पायथ्याशी झर फुटते, तिचा व्हाळ होतो आणि त्यावर कुळागरे व भातशेती जगते. खाण भूजलपातळीच्या खाली गेली, की खड्ड्यात चहूकडून पाणी पाझरते. ते पंपांनी सतत उपसावे लागते, आणि भोवतालच्या विहिरी आटू लागतात.

याचा अंदाज आधी घेता येतो. परिसरातील प्रत्येक विहिरीची पातळी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर मोजायची. एका विहिरीतून सलग काही तास उपसा करून शेजारच्या विहिरी किती खाली जातात आणि किती वेळात भरतात, ते पाहायचे. जमिनीत विद्युत्प्रवाह सोडून थरांचा विरोध मोजायचा, छिद्रे घेऊन खडकाचे नमुने काढायचे. आणि झऱ्याचे पाणी बारा महिने मोजायचे. यांतले शेवटचे काम सर्वांत स्वस्त. पण त्याला वर्ष लागते, आणि घाईच्या माणसाला नेमके तेच परवडत नाही. २००६च्या अधिसूचनेनुसार होणाऱ्या पर्यावरण आघात मूल्यांकनात पुष्कळदा पावसाळा वगळून एकाच ऋतूची मोजणी पुरेशी धरली गेली. शिवाय अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराचे मानधन खाणचालकच देतो. आपल्या परीक्षेचा पेपर कोणी तपासायचा, हे विद्यार्थ्याने ठरवावे आणि तपासनिसाचे मानधनही त्यानेच द्यावे, असाच हा प्रकार. आमच्या शाळेत असे चालले असते, तर पालकांनी मला खुर्चीवर बसू दिले नसते.

माधव गाडगीळ मूळचे पुण्याचे; पण त्यांची कर्मभूमी आपल्याच शहरातील भारतीय विज्ञान संस्था. त्यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ साली अहवाल दिला. केपे तालुक्यातील कावरे गावच्या देवापान डोंगरावरील खाणीचे उदाहरण त्यात आहे. मूल्यांकन अहवालात लिहिले होते, की खाणक्षेत्रात जलप्रवाह नाहीत. प्रत्यक्ष पाहणीत मात्र तिथे बारमाही झरे वाहताना आढळले. वेळीप समाज हा डोंगर पवित्र मानतो. अहवालात त्याचाही उल्लेख नव्हता. या उदाहरणाने मी अस्वस्थ होते. इथे यंत्रे अपुरी पडली नव्हती, विज्ञानही अपुरे पडले नव्हते. गावातल्या कुठल्याही गुराख्याला विचारले असते, तरी तो झऱ्यापाशी घेऊन गेला असता.

हे सारे गोव्याचे, आपल्याला काय त्याचे, असे वाटेल. पण इमारतींसाठी दगड काढून झाल्यावर आपल्याच उत्तर भागातील बेल्लहळ्ळी आणि मिट्टगानहळ्ळी येथील खाणींचे खड्डे शहराच्या कचऱ्यासाठी वापरले गेले. कठीण खडकातल्या ज्या भेगांमधून पाणी खाली जाते, त्यांतूनच कचऱ्याचे काळे पाणीही जाऊ शकते. खड्डा खणतानाच, तो रिकामा झाल्यावर त्याचे काय होणार, हेही विचारायला हवे होते.

त्या मुलीच्या प्रश्नावर मला सुचलेले उत्तर छोटे आहे. येत्या जूनपासून नववीचे विद्यार्थी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, मोठ्यांच्या देखरेखीखाली, परिसरातील जुन्या विहिरींची पातळी दोरी आणि फूटपट्टीने मोजून एका वहीत लिहितील. मागचे आकडे मात्र आमच्यापाशी नाहीत. माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्या लहानपणी घरच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात किती हातांवर असे, ती कोणत्या वर्षी पहिल्यांदा आटली, बोअर किती फुटांवर लागला, हे आठवत असेल तर कार्यालयात कळवा. आजी-आजोबांनाही विचारा. वहीची पहिली दहा पाने मी तुमच्यासाठी कोरी ठेवली आहेत.