आपली बुद्धी, आपले नाव
(कुरखेडा येथील वार्षिक मेळाव्यात युवक-युवतींच्या सभेत केलेले भाषण)



आज दुपारच्या पंगतीत आपण सर्वांनी जो बारीक, मऊ भात पोटभर जेवला, तो एचएमटीचा. हे नाव आपल्या घरातले लहान मूलही सांगेल. परंतु हे धान शोधून कोणी काढले, असे आम्ही आता विचारले तर या मांडवात किती हात वर होतील, याची आम्हांस शंका आहे. ज्याचे अन्न आपण खातो त्याचे नाव आपणांस ठाऊक नसावे, ही गोष्ट मनाला लागण्यासारखी आहे. आणि आजचे आमचे चार शब्द याच गोष्टीविषयी आहेत.

येथून वडसा, ब्रह्मपुरी ओलांडून पुढे गेले की नागभीड तालुका लागतो. त्या तालुक्यातील नांदेड गावी दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी राहत असत. शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत आणि शेती दीड एकराची. १९८३ च्या सुमारास ‘पटेल-३’ जातीच्या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या इतरांहून वेगळ्या दिसल्या. अशा लोंब्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. आपण त्या कापून चुरण्यात टाकल्या. दादाजींनी त्या निराळ्या काढल्या, निराळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करीत राहिले. त्यातून जे बारीक धान निपजले, त्यास त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी हे नाव पडले. पुढे त्यांनी नांदेड-९२, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न, डीआरके असे आणखी वाण काढले.

बियाणे मागेल त्याला द्यावे, ही आपल्या भागाची रीत. दादाजींनीही ते दिले. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील केंद्राने ते नेले, आणि १९९८ मध्ये शुद्ध केलेला वाण ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने बाहेर आला. त्या नावात दादाजी कोठेच नव्हते. धान राज्याराज्यांत पसरले, व्यापार वाढला. शोधकाच्या घरचे दारिद्र्य मात्र हटले नाही. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ या परदेशी मासिकाने त्यांची दखल घेतली. पण मानपत्राने चूल पेटत नाही. ३ जून २०१८ रोजी आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात, आजारपणात, त्यांनी देह ठेवला. औषधपाण्याच्या खर्चाचीही तेव्हा विवंचना होती.

दादाजी आपल्या ज्ञातीचे नव्हते. तरीही ज्ञातीच्या व्यासपीठावरून त्यांचे नाव घेताना आम्हांस अभिमानच वाटतो. कारण बुद्धी ज्ञात पाहून जन्म घेत नाही, आणि उपकाराचे ऋण ज्ञातीच्या वेशीवर थांबत नाही.

आता कोणी म्हणेल, त्यांनी हक्क का नोंदविला नाही? मित्रहो, ठोठावावयास दारच नव्हते! आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याखाली बियाणे आणि वनस्पतींचे वाण यांना पेटंट मिळत नाही, आणि वाणांसाठी दुसरा कायदा त्या वेळी अस्तित्वात नव्हता. तो २००१ मध्ये झाला. वनस्पतींचे वाण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांचे संरक्षण करणाऱ्या या कायद्याने नवा वाण काढणाऱ्या शेतकऱ्यास शास्त्रज्ञाच्या बरोबरीने नोंदणीचा अधिकार दिला. धानासारख्या पिकाच्या नव्या वाणास १५ वर्षांपर्यंत संरक्षण मिळते आणि शेतकऱ्यास या कामी शुल्क भरावे लागत नाही. शिवाय घरचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्यास देण्याचा किंवा विकण्याचा हक्कही कायम आहे. संरक्षित वाणाचे बियाणे छापील नावाच्या पिशवीत घालून तेवढे विकता येत नाही. म्हणजे आपली देण्याची रीत मोडावी लागत नाही. देताना आपले नाव हरवू नये, एवढीच सोय या कायद्याने केली आहे.

यंत्राचा, अवजाराचा मार्ग निराळा. कोणी मोहफुले वाळविण्याची नवी युक्ती काढील, कोणी रोवणीचे हलके अवजार घडवील. नुसती कल्पना मनात आली म्हणून पेटंट मिळत नाही. वस्तू किंवा कृती नवी हवी, जाणकारास सहज सुचणारी नको, आणि प्रत्यक्ष उपयोगाची हवी. महत्त्वाचे म्हणजे ती चारचौघांत उघड करण्यापूर्वी अर्ज गेला पाहिजे. येथेच आपले भोळे तरुण फसतात. आधी प्रदर्शनात मांडतात, मग कार्यालय शोधतात. काम अपुरे असले तरी तात्पुरता अर्ज करता येतो आणि पूर्ण तपशील देण्यास १२ महिने मिळतात. पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षे. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात. शाळकरी मुलांसाठी ‘इन्स्पायर-मानक’ योजना आहे. निवडलेल्या कल्पनेचा नमुना करण्यास १०,००० रुपये मिळतात. शिक्षकांच्या मागे लागून आपल्या मुलामुलींची नावे तीत पाठवावीत.

आणखी एक उदाहरण देतो. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. आपल्या आजीला ठाऊक असलेली गोष्ट! डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील आपल्या संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. कशाच्या बळावर? आजीच्या शब्दावर नव्हे; जुन्या ग्रंथांतील आणि नियतकालिकांतील लेखी पुराव्यांच्या बळावर. मुखी असलेली विद्या कितीही खरी असली, तरी वादाच्या वेळी तिला साक्षीदार लागतो, आणि कागदासारखा साक्षीदार नाही.

आपण तर तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांची लेकरे. नवेगावबांधच्या तलावाशी परंपरेने कोलू पाटलांचे नाव जोडले आहे. पण पाळ कोठे घालावी, तुडूम कोठे बसवावे, सांडव्याचे पाणी कोणीकडून काढावे, हे ज्यांनी ज्यांनी डोक्याने शोधले, त्या बाकीच्या पूर्वजांची नावे आज कोण सांगेल? त्यांचे पाणी आपल्या बांधीत येते, नाव येत नाही.

म्हणून तरुणांनो, आमचे मागणे लहानसे आहे. प्रत्येकाने एक वही ठेवावी. शेतात, रानात, घरात जे वेगळे दिसेल, जे नवे सुचेल, ते तारखेसह लिहावे, चित्र काढावे आणि विश्वासातल्या वडीलधाऱ्याची सही घ्यावी. एवढ्याने कायद्याचा हक्क मिळत नाही, पण त्या हक्काची वाट येथूनच सुरू होते. मुलींनी तर अवश्य लिहावे. बियाणे निवडून, राखेत घोळून जपून ठेवणारे हात बहुधा आपल्या मायबहिणींचेच असतात. आणि वडीलधाऱ्यांनो, पोरगा बांधीत एकाच लोंबीकडे पाहत उभा राहिला, तर त्याला आळशी म्हणून हाक मारू नका. घटकाभर त्याच्या शेजारी उभे राहा.

पुढील वर्षी याच मांडवात आम्ही त्या वह्या पाहावयास येऊ, असे वचन देऊन आपली रजा घेतो.