70 आणि 85 च्या मधली मुलं



 नागपुरात बुद्धिमापनावर बोलायचं तर सुरुवात डॉ. आर्थर मालिन यांच्यापासूनच करायला हवी. देशभरच्या बालमार्गदर्शन केंद्रांत आपण जिला ‘मिसिक’ म्हणतो, ती वेक्सलर यांच्या कसोटीची भारतीय आवृत्ती त्यांनी याच शहरात घडवली. तिची पुस्तिका 1969 मध्ये आली. एडगर डॉल यांची व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीही मालिन यांनीच भारतीय मुलांसाठी बसवली. मूल आपल्या हातानं जेवतं का, सदऱ्याची बटणं लावतं का, सांगितलेलं काम एकट्यानं करून येतं का, असे साधे प्रश्न आईबापांना विचारून ती भरायची असते. त्याच्याही आधी धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या कसोटीला कन्नड आणि मराठी रूप दिलं. त्यांचं पुस्तक 1940 चं. म्हणजे या विषयात आपला मुलूख मागे नव्हता.

मुलामुलांच्या बौद्धिक क्षमतांत फरक असतो, हे मी प्रथम स्पष्टपणे मांडतो. हल्ली ते बोलायला लोक कचरतात. पण फरक नाकारल्यानं ज्या मुलाला गणित चारदा समजावून द्यावं लागतं, त्याला ते एकदाच समजावलं जातं आणि तो मागे राहतो. 1905 मध्ये बिने आणि सिमॉन यांनी पॅरिसमध्ये पहिली कसोटी केली ती याच मुलासाठी, त्याला जास्तीची मदत मिळावी म्हणून. आपल्याकडे 1962 साली आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, ती दुसऱ्या टोकाच्या, तल्लख मुलांसाठी. दोन्ही टोकांना आपण नावं दिली, संस्था दिल्या.

माझा आक्षेप फरक मोजण्याला नाही, एका आकड्यावर थांबण्याला आहे. दोन मुलांचा बुद्धिगुणांक 92 आला, म्हणजे ती दोघं सारखी होत नाहीत. एकानं ठोकळ्यांची नक्षी झरझर जुळवलेली असते, पण शब्दांचे अर्थ सांगताना तो अडलेला असतो. दुसरीचं नेमकं उलट. स्पिअरमन यांनी 1904 मध्ये दाखवलं की एका क्षमतेत पुढे असणारं मूल बहुधा इतरांतही पुढे असतं, आणि ते आजही खरं ठरतं. पण ‘बहुधा’च. समोर बसलेलं मूल नेमकं कुठे अडतं, हे उपकसोट्यांच्या चढउतारातून कळतं, आणि अहवालात तोच भाग दोन ओळींत उरकला जातो.

आता मानकांकडे, म्हणजे मुलाचे गुण ज्यांच्याशी ताडून पाहतो त्या आकड्यांकडे, वळू. जेम्स फ्लिन यांनी 1980 च्या दशकात अनेक देशांतले आकडे मांडून दाखवलं, की कसोट्यांवरची कामगिरी पिढीगणिक वाढत जाते, दर दशकाला साधारण तीन गुणांनी. जुन्या मानकांवर तपासलेलं आजचं मूल त्यामुळे आहे त्याहून वर दिसतं. आपल्या मिसिकची मानकं अर्धशतकाहून जुनी आहेत. दुसरीकडे भामरागडचं माडिया बोलणारं मूल घ्या, मेळघाटातलं कोरकू बोलणारं घ्या. शाब्दिक भाग त्याला परक्या भाषेत सोडवावा लागतो आणि गुण खाली घसरतात. एक चूक वर ढकलते, दुसरी खाली ओढते. दोन्ही मिळून आकडा कधी अगदी बरोबर असल्यासारखा वाटतो, आणि मला त्याचीच सर्वांत जास्त धास्ती वाटते.

कारण त्या आकड्यावर मुलाचे हक्क ठरतात. महाराष्ट्रात 1996 पासून अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत सवलती मिळतात, जादा वेळ मिळतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं या मुलांना मान्यता दिली. मात्र 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत अध्ययन अक्षमतेची पुढची तपासणी करण्यासाठी बुद्धिगुणांक 85 च्या वर हवा, अशी अट होती. बौद्धिक अक्षमता धरली जाते ती 70 च्या खाली. मधल्यांचं काय? सरासरी 100 आणि प्रमाण विचलन 15 धरलं, तर या पट्ट्यात 100 मुलांमागे 13-14 मुलं येतात. पन्नासांच्या वर्गात सहा-सात. त्यांना दाखला नाही, सवलत नाही, खास शिक्षक नाही. वर्षानुवर्षं ती आठवीपर्यंत वर ढकलली गेली, नववीत अडली आणि मग शाळा सुटली. ही मुलं मतिमंद नाहीत. त्यांना वेळ जास्त लागतो, उजळणी जास्त लागते, हातानं करून पाहिलेलं चांगलं कळतं. आणि 84 व 86 यांच्यातला फरक तर मापनाच्या चुकीच्या मर्यादेतच बसतो! त्या दोन गुणांवर एका मुलाची दहावी टांगून ठेवणं शास्त्राला धरून नाही, हे आपण शासनाला लेखी कळवलं पाहिजे. दुसरं कोण कळवणार?

विदर्भातल्या मानसशास्त्र विभागांना माझी विनंती आहे. प्रत्येकानं एकेक जिल्हा वाटून घ्या आणि मराठी, वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या मुलांची नवी मानकं तयार करायला लागा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध या कामाला जोडता येतील. मालिन यांनी हे काम एकदा नागपुरातून केलं आहे. तोवर तुमच्या प्रत्येक अहवालात तीन गोष्टी न चुकता लिहा: कसोटी कोणत्या भाषेत घेतली, मानकं कोणत्या सालची वापरली, आणि मूल कुठे चांगलं चालतं. उद्यापासूनच लिहा.