फुकटाचे मोल



परभणीतील माझ्या पिढीला भारनियमन चांगले ठाऊक आहे. मालिकेतील रहस्य उलगडण्याच्या क्षणीच वीज जायची आणि उरलेली कथा दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून ऐकावी लागायची. त्याआधी, १९८७-८८मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ लागले की रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. संच गल्लीत एखादाच. प्रेक्षक मात्र सारी गल्ली! वेळ दूरदर्शनने ठरवायची आणि आपण ती पाळायची.

आज मालिका आपल्या सवडीची वाट पाहते. ऑनलाइन पाहण्याचे खरे आकर्षण हेच. शेतावरून उशिरा परतलेल्या माणसाला आठचा भाग दहा वाजता पाहता येतो. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि ही सोय गंगाखेड-पाथरीच्या खेड्यांपर्यंत पोहोचली. तिला नावे ठेवण्यासाठी मी येथे उभा नाही.

मात्र तिच्यामागचा हिशेब समजून घेतला पाहिजे. जे फुकट दिसते, त्याचे पैसे जाहिरातदार मोजतो आणि त्या बदल्यात आपले लक्ष विकत घेतो. जेथे आपण पैसे देतो, तेथे अनेकदा आपली अधीरताच विकली जाते. २०१९मध्ये हॉटस्टारने वर्षाला ३६५ रुपयांची योजना आणली. वर्गणीदाराला मालिकेचा भाग दूरचित्रवाणीच्या आधीच पाहायला मिळे. रोजचा एक रुपया, तो काही तास न थांबण्याचा! नेटफ्लिक्सचे तत्कालीन प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी तर २०१७मध्ये, आपली स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे, असे सांगितले होते. एक भाग संपताच दुसरा आपोआप सुरू होतो, तो उगाच नव्हे.

रुपयांचा खर्च दिसतो. दुसरा दिसत नाही. चार माणसे, चार मोबाइल, चार मालिका आणि एकाच घराचे चार कोपरे! मार्च २०२०मध्ये, टाळेबंदीच्या काळात, दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले. कथा सर्वांना पाठ होती; तरीही ठरलेल्या वेळी कितीतरी कुटुंबे पुन्हा एका पडद्यासमोर बसली.

तेव्हा साधन नाकारू नका. वर्गणी एकच घ्या, ती घरातील मोठ्या पडद्यावर वापरा, पुढचा भाग आपोआप लावणारी सोय बंद करा आणि पाहण्याची वेळ सर्वांनी मिळून ठरवा. पूर्वी ती दूरदर्शन ठरवीत असे. आज तो अधिकार आपल्या हाती आला आहे. आपण तो वापरला नाही, तर आपल्या झोपेवर डोळा ठेवून बसलेले लोक तो खुशाल वापरतील.