पोर सांगेल असं घर ठेवा

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेतील भाषण)



आम्ही गिरणी कामगार. शिक्षण रात्रशाळेत, जमलं तेवढं. इंटरनेटवर हे काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण आम्ही साच्यावर उभं राहिलेली माणसं. चालू मशीनपासून नव्या पोराला कसं जपायचं, हे गिरणीनं आम्हाला शिकवलं. तेवढ्याच भांडवलावर चार शब्द बोलतो.

२०१६ नंतर नेट स्वस्त झालं. २०२० साली टाळेबंदी आली आणि शाळा मोबाईलवर भरू लागली. आपल्यापैकी कित्येकांनी उसनवारी करून मुलांसाठी फोन घेतला. शिक्षणासाठी घेतला, त्यात काही चुकलं नाही. पुढं शाळा उघडल्या, फोन मात्र मुलांच्या हातातच राहिला. त्यात ती काय बघतात, कुणाशी बोलतात, हे विचारायचं आपण विसरलो.

आपल्याच वस्तीतली गोष्ट सांगतो. घर कुणाचं ते विचारू नका, आम्ही सांगणार नाही. १३ वर्षांची मुलगी. मोबाईलवरच्या खेळात तिला एक मैत्रीण मिळाली. ‘मीपण आठवीत आहे’ म्हणाली. दोन महिने गोड गोड बोलणं. मग शाळेचं नाव विचारलं, मग फोटो मागितला, मग वेगळा फोटो मागितला. आणि एके दिवशी धमकी आली, ‘सांगतो तसे फोटो पाठव, नाहीतर हा तुझ्या बापाला पाठवतो.’ मैत्रीण कसली, तो मोठा माणूस होता.

एका खोलीत सहा माणसं राहणारं घर. पोरगी तीन आठवडे नीट जेवली नाही, शाळेत जायला कुरकुर करायची, तरी कुणाच्या ध्यानात आलं नाही. शेवटी आत्याजवळ रडली. रात्री अकराला आम्हाला बोलावणं आलं. गेलो तेव्हा बापाचा हात वर होता आणि आजीनं तो धरला होता. आम्ही पोरीला विचारलं, ‘बाळा, आधी का नाही सांगितलंस?’ ती म्हणाली, ‘पप्पा बोलले होते, फोनवर काही वाकडं दिसलं तर फोन फोडीन आणि शाळा बंद करीन.’

बंधूंनो, आमची मान खाली गेली. कारण आम्हीही आमच्या मुलांना हेच बोलत आलो होतो. पोरीचं तोंड बंद करायचं त्या बदमाशाचं अर्धं काम आपल्या धाकानंच करून ठेवलं होतं.

गिरणीत बदली कामगाराचं बोट चेमटलं तर तो फडकं गुंडाळून लपवायचा. जॉबर ओरडेल, खाडा पडेल, ही भीती. मग ते बोट पिकायचं. जुना कामगार सांगायचा, ‘लागलं की आधी ओरड. साचा थांबवू, मग काय ते बघू.’ घरातही हेच पाहिजे.

आता करायचं काय? पहिलं, फोन चारचौघांत वापरायचा. रात्री तो मोठ्यांच्या उशाशी चार्जिंगला लावायचा, मोठ्यांचाही तिथंच. दुसरं, वय खोटं टाकू द्यायचं नाही. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम यांचा स्वतःचाच नियम किमान १३ वर्षांचा आहे. गुगलचं फॅमिली लिंक नावाचं ॲप फुकट मिळतं. त्यानं मुलाच्या फोनची वेळ ठरवता येते आणि नवं ॲप घ्यायला आपली परवानगी लागते. जमत नसेल तर कॉलेजातल्या पोरांकडून लावून घ्या, लाजू नका. तिसरं, शाळेचं नाव, गणवेशातला फोटो, घरचा पत्ता अनोळखी माणसाला द्यायचा नाही. ओटीपी आणि पैसे पाठवायचा पिन तर कुणालाच नाही. आणि मोठ्यांनीही मुलांचे फोटो गावभर पाठवू नयेत.

एवढं करूनही घडलंच, तर पैसे देऊ नका, आणखी फोटो पाठवू देऊ नका. घाईनं काही पुसू नका, तो पुरावा आहे. धमकीच्या मजकुराचा स्क्रीनशॉट घ्या, खात्याचं नाव लिहून ठेवा, मग त्याला ब्लॉक करा. मुलांच्या मदतीसाठी १०९८, पैशाच्या ऑनलाईन फसवणुकीसाठी १९३०, हे दोन नंबर भिंतीवर लिहा. तक्रार पोलीस ठाण्यात होते, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन इथंही होते.

पोलीस म्हटलं की आपली माणसं बिचकतात. अब्रू जाईल म्हणतात. तर कायदा ऐका. २०१२ चा पोक्सो कायदा १८ वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही संरक्षण देतो. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घेता येतो. जबाब घेणारे पोलीस गणवेशात नसावेत, असं त्यात लिहिलंय. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. विशेष न्यायालयाच्या परवानगीशिवाय वर्तमानपत्रात नाव छापता येत नाही. गुन्हा धमकावणाऱ्याचा आहे, पोरीचा नाही. मग मान तिनं का खाली घालायची?

त्या रात्री आम्ही बापाला हेच सांगितलं. सकाळी बाप स्वतः पोरीबरोबर ठाण्यात गेला, तक्रार नोंदवली. ती पोरगी आज शाळेत जाते. फोनही वापरते, आजीच्या शेजारी बसून.

फोन फोडून भागणार नाही. उद्याची फी, फॉर्म, निकाल सगळं त्यावरच आहे. आपल्या मुलांना त्यापासून तोडणं म्हणजे पुन्हा मागं ठेवणं. म्हणून आज घरी गेल्यावर जेवायच्या आधी मुलांना जवळ बसवा आणि एवढंच म्हणा, ‘काहीही झालं, तुझी चूक असली तरी, आधी मला सांग. मारणार नाही, शाळा बंद करणार नाही.’ आणि बोललात तसं वागा.

एवढं बोलून आम्ही रजा घेतो. जयभीम!