सुईच्या भरवशावर राहू नका

कांजूरमार्गच्या सोसायट्यांत फाटकाशी ‘ख्रिसमस ट्री’ असतो, शेजारी मोरपंखी, आणि सुट्टीत कोकण किनारा गाठला की सुरूचं बन. तिन्ही झाडं सदाहरित, तिन्हींना शंकू. म्हणून तिन्ही देवदार-चीडच्या गोतातली, सूचिपर्णी, असं आपण ठरवून टाकतो. सुरू मात्र या गोतातला नाहीच. सुईसारखं पान ही मुळात कच्ची खूण आहे. सुरूची हिरवी सुई दोन बोटांत धरून हलकेच ओढा, ती सांध्यावर सुटते. सांध्याभोवती सहा-आठ इवल्या दातांचं कडं दिसतं. ते दात म्हणजे पानं. लांब सुई ही पानाचं काम करणारी डहाळी. शंकूही तसाच फसवा. त्याच्या चोचीसारख्या फटींतून पंख असलेली फळं निघतात, प्रत्येक फळ एकेका फुलाचं. चीडच्या शंकूत फूल नाही, खवल्यावर बी उघडंच असतं. या हिशेबाने सुरू चीडपेक्षा आपल्या आंब्याला जवळचा.

कुणी म्हणेल, सुई नसेल तर सूचिपर्णी कसला? मोरपंखी पाहा. मुलं पुस्तकात ‘विद्या’ म्हणून ठेवतात त्या चपट्या फांदीवर सुई औषधालाही नाही, नुसती चिकटून बसलेली खवलेदार पानं. पण तिचे कोवळे, निळसर, शिंगं फुटल्यासारखे शंकू अस्सल आहेत. दक्षिण सह्याद्रीतल्या मूळच्या नागेइया या सूचिपर्णी झाडाची पानं तर चांगली रुंद, फक्त मधली शीर नसलेली.

दुसरा आक्षेप असा, की खालून शंकू दिसत नाही, मग ओळखायचं कसं? ‘ख्रिसमस ट्री’च्या बाबतीत तो खरा आहे. युरोपातला स्प्रूस मुंबईच्या उकाड्यात तगत नाही. आपल्याकडे त्या नावाने खपतो तो बहुधा अरौकेरिया. त्यातल्या कुक पाइनला उभं राहण्याची खोड पकडून देते. पाच खंडांतली 256 झाडं मोजून 2017मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती विषुववृत्ताकडे सरासरी साडेआठ अंश कललेली आढळली. म्हणजे मुंबईत दक्षिणेकडे. वारा सगळीकडे एकाच बाजूने वाहत नाही, तेव्हा त्याला दोष देता येत नाही.